निवृत्तीभाऊंनी लावलेलं लग्न

सुदुंबऱ्याच्या विहारात निवृत्ती ओव्हाळ बावीस वर्षं लग्नं लावत होते. देहूरोडला लष्कराच्या डेपोत नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी बौद्धाचार्याचं काम. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यात समोर बसायची, भाऊ त्रिशरण-पंचशील म्हणायचे, मग दोघांकडून पाच-पाच प्रतिज्ञा म्हणवून घ्यायचे. डेपोतून निवृत्त झाल्यावरही ते काम चालू राहिलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्यांची मुलगी यशोधरा लोणावळ्याहून आली. ती चौतीस वर्षांची, तिथल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स. सहा वर्षं ती पायलबरोबर भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती. पायल मूळची वडिवळ्याची, एका हॉटेलात रिसेप्शनला होती. गावात सगळे तिला यशोधराची मैत्रीण म्हणत. भाऊही तेच म्हणत. पुढचं त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि त्यांच्या बायकोला, चिमाबाईंना, विचारायची गरज पडली नव्हती.

जेवण झाल्यावर यशोधरा म्हणाली, "आबा, मी आणि पायल लग्न करतोय. तुम्ही लावाल का?"

भाऊ टॉवेलला हात पुसत होते. ते पुसत राहिले.

"कायद्यात हाय का ते?"

"नाही. दिवाळीच्या आधी कोर्टाचा निकाल आला ना. नोंद होणार नाही. मला कागद नकोय. तुम्ही लावलेलं हवंय."

"कुटं?"

"विहारात झालं तर बरं वाटेल."

राग येईल असं त्यांना वाटलं. निदान रडू येईल. काहीच आलं नाही. "कमिटीला इचारतो," ते म्हणाले, कुणालाही म्हणाले असते तसं.

गुरुवारी विहारात बैठक झाली. कमिटीचा सचिव सुहास शाळेत मास्तर होता. तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही गावासाठी खूप केलंय. पण कोर्टच नाही म्हणतंय, तर आपण कोण?"

"कोर्टानं नोंदीचं सांगितलंय. एकत्र राहू नका असं न्हाई सांगितलं."

ते वाक्य यशोधराचं होतं. भाऊंनी ते फक्त पोचवलं.

कैलास कंपनीत कामाला होता, त्याची मुलगी लग्नाची होती. "उद्या कुणी मोबाइलवर फोटो टाकला तर?" तो म्हणाला. "बाकीचं गाव टपलेलंच असतंय. म्हणत्याल, बघा यांच्यात काय चालतंय. आमाला पोरीबाळींच्या सोयरिकी करायच्यात, भाऊ."

नंदाबाई त्यातल्या त्यात मायेने बोलल्या. "पोरी गुणाच्या हायेत. माझ्या सुनंच्या बाळंतपणाला यशोधरा आठ दिस व्हती. ऱ्हात्यात तशा ऱ्हाऊ द्या की. त्याला लगीन कशाला म्हणायचं?"

कुणी आवाज चढवला नाही. मधे चहा आला, तो सगळ्यांनी घेतला. ठरलं ते असं, की विहार मिळणार नाही आणि भाऊंनीही हे लग्न लावू नये.

"लावलं तर?"

सुहासने खाली बघितलं. "मग गावातली बाकीची लग्नं तुम्हाला लावायला सांगता येणार नाहीत."

घरी आल्यावर भाऊंनी सगळं चिमाबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. "तुमच्या आईचं लगीन लोक लगीन मानत न्हवते," त्या म्हणाल्या. "भटजी न्हाई, मंगलाष्टकं न्हाईत, म्हणून. सासूबाई सांगायच्या मला."

"ठाव हाय."

"मंग?"

आईचं सांगणं भाऊंनीही ऐकलेलं होतं. ते आठवूनही आत काही हललं नाही.

लावायचं की नाही, हे भाऊंनी ठरवलं असं काही झालंच नाही. यशोधराने लग्नासाठी धरलेल्या रविवारी सकाळी चिमाबाई पांढरं पातळ नेसल्या आणि भाऊंचा धुतलेला शर्ट त्यांनी खाटेवर ठेवला. भाऊंनी तो घातला. तळेगावापर्यंत जीप, पुढे लोकल. कामशेत आल्यावर चिमाबाई म्हणाल्या, "हितनंच जात्यात ना वडिवळ्याला? तिच्या घरचं कोन येनार का?"

"न्हाई म्हनली यशोधरा. दोन वर्सं झाली, फोनबी घेत न्हाईत."

लोणावळ्याला दोघींच्या खोलीत अकरा माणसं होती. तीन नर्स, हॉटेलातला आचारी पप्पू, त्याची बायको, असे. घरमालकीण सरूबाई दारातच उभ्या राहिल्या. त्या आत येऊन बसल्या नाहीत आणि निघूनही गेल्या नाहीत.

मेणबत्ती लावून झाली, पंचशील झालं. भाऊंनी वही उघडली आणि थांबले. तिथे पाच प्रतिज्ञा नवऱ्याच्या होत्या आणि पाच नवरीच्या.

"कुनी कुठल्या म्हनायच्या?"

पायल म्हणाली, "आबा, आम्ही दोघी दहाच्या दहा म्हणतो."

भाऊ वाचत गेले, त्या मागून म्हणत गेल्या. 'माझ्या पत्नीचा' या शब्दांपाशी भाऊ पहिल्यांदा अडखळले. पुढे नाही. सातवी प्रतिज्ञा दोन्हीकडच्या नातलगांचं आदरातिथ्य करीन अशी होती. तिथे पायलचा आवाज बंद पडला. कुणाला काय करावं सुचेना. चिमाबाई उठल्या आणि तिच्यामागे जाऊन बसल्या.

"म्हन," त्या म्हणाल्या. "आमी हाय."

पायलने म्हटलं. फुलं पडली. नंतर सगळे जेवले. भाऊंनी जिलबी खाल्ली, पण गोड लागली की नाही हे त्यांना सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी सुहास घरी आला. त्याने विहाराचं लग्नांचं रजिस्टर मागितलं. भाऊंनी ते कपाटातून काढून दिलं.

"या लग्नाची नोंद केलीत?"

"केली."

सुहासने शेवटचं पान उघडून वाचलं. "मी फाडणार नाही," तो म्हणाला. "पण कमिटी काय म्हणेल ते माहीत नाही."

मे महिन्यात कैलासच्या मुलीचं लग्न होतं. लावायला देहूरोडहून धम्मदीप नावाचा तरुण बौद्धाचार्य आणला होता. भाऊंना पत्रिका आली होती, म्हणून ते गेले आणि मागच्या ओळीत खुर्चीवर बसले. धम्मदीप चांगलं म्हणत होता, जरा घाईत. काही बायका वळून बघत होत्या. वाईट वाटायला हवं, असं भाऊंच्या मनात आलं, आणि ते वाट बघत बसले.

नंदाबाई येऊन शेजारी बसल्या. "पोरी बऱ्या हायेत का?"

"हायेत."

"यशोधराला म्हनावं, माझं गुडघं लय दुखत्यात. आली की जरा बघून जा."

"आता दोघीबी येत्यात."

नंदाबाई थोडा वेळ नवरा-नवरीकडे बघत राहिल्या. "येऊ द्या," त्या म्हणाल्या, आणि पदर सावरून जेवणाकडे गेल्या. पंगतीत कैलास स्वतः वाढत होता. त्याने भाऊंच्या नजरेला नजर दिली नाही, पण पानात दोनदा भात वाढला.

घरी येऊन भाऊंनी लोणावळ्याला फोन लावला. पायलने उचलला.

"यशू ड्युटीवर आहे, आबा. मला सांगा."

भाऊंनी तिला नंदाबाईंच्या गुडघ्यांचं सांगितलं.