डांबराखालचा निळा

"काळा म्हणजे कसा, मुखरूभाऊ? त्याच्यात तोंड दिसलं पाह्यजे!"

"तोंड पाहाले बॉडी हाय ना, भाऊ. चेसिस गाडीच्या खाली राह्यते. तिथी कोन जाते तोंड पाहाले?"

वेल्डर लालसू आणि फिटर दसरू तंबाखूचा खर्रा चघळता चघळता हसले. गुणवंतरावांना काही हसू आलं नाही. नागपूरला जुन्या गाड्यांची मिरवणूक निघणार होती आणि त्यात वडिलांची लढाईच्या काळातली विलीज जीप चालवत न्यायची, एवढ्या एका ध्यासानं हा माणूस गेले काही महिने पछाडला होता. बॉडी ठोकायला नागपूरला गेली होती. इंजिन-चाकं काढलेली उघडी चेसिस मात्र त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आरमोरीला आणली होती, कारण लोखंड रंगवावं तर मुखरूनंच, असं सगळी झाडीपट्टी म्हणे.

"आंदी हे डांबर काढा लागन," मुखरू म्हणाला. "तुमच्या बाबूजीनं वरच्यावर फासून ठेवलं. त्याच्यावर इनॅमल मारला तर चिरा पडतीन. लोखंड उघडं करतो, गंजासाठी रेड ऑक्साइडचे दोन हात देतो, मग काळा. चमक जराशी कमी. खालच्या लोखंडाले चमक शोभत नाई."

"शोभन का नाई ते तुम्ही पाहा. मले लवकर पाह्यजे." गुणवंतराव राजदूतला किक मारून निघून गेले.

ही जीप कोण चालवायचं, हे त्यांना आठवत होतं की नाही, देव जाणे. ते तेव्हा नागपूरला शाळेत होते. मुखरूला विसरायची सोय नव्हती. वीस-बावीस वर्षांपूर्वी एटापल्लीच्या जंगलात गुणवंतरावांच्या वडिलांचा सागवानाचा ठेका होता, आणि ठेकेदाराच्या या जीपवर मुखरूचा थोरला भाऊ श्रावण ड्रायव्हर होता. त्या साली पाऊस दसऱ्यापर्यंत लांबला. एटापल्लीच्या वाटेवर एका नाल्याच्या पुरात जीप गेली. पाणी उतरल्यावर खाली दूर, झाडाला अडकून उलटी पडलेली सापडली. श्रावण सापडला नाही.

"गाडी बुडवली अन् भेवून पळाला," असं ठेकेदार चारचौघांत म्हणाला, आणि मोठ्या माणसाच्या तोंडचं वाक्य गावानं झेललं. मग काय, कुणाला श्रावण सिरोंच्याच्या बाजारात दिसला, कुणाला पार बस्तरात. अशी बातमी आली की श्रावणची बायको सत्यशीला भाकरी बांधून एसटीत बसायची आणि दोन दिवसांनी तशीच परत यायची. बुद्धविहारातली मंडळी एकदा घरी आली होती, गेलेल्या माणसासाठीच्या पुण्यानुमोदनाचं विचारायला. "जित्या माणसाचं काय करता?" असं म्हणून तिनं त्यांना पाणी पाजून वाटेला लावलं. पुन्हा कुणी विचारलं नाही. ती दिराच्या संसारात राहिली, दुसऱ्याच्या बांधीत धानाची रोवणी करत राहिली, आणि दाराशी कुणाची चाहूल लागली की अजूनही हातातलं काम टाकून उठायची.

खरं सांगायचं तर मुखरूलाही भाऊ पळाला असंच वाटे. तो मनातल्या मनात त्याला शिव्या घाले, आणि शिव्या घालता येत होत्या तोवर भाऊ कुठेतरी जिवंत होता.

चेसिस चार ड्रमांवर चढवली त्या दिवसापासून गॅरेजात काहीतरी बिघडलं. मुखरूला विडीचा वास यायला लागला. लालसू आणि दसरू दोघंही खर्ऱ्याचे गुलाम, विडी ओढणारं तिथे कुणी नव्हतं. काम करताना वाटे, खाली कुणीतरी पाठीवर निजलंय आणि पान्यासाठी हात पुढे करून वाट पाहतंय. एकदा तर त्यानं खरंच पाना खाली धरला. मग ओशाळून वाकून पाहिलं. खाली मातीवर रॉकेलचा डाग होता, बाकी काही नाही.

रॉकेलच्या बोळ्यानं डांबर विरघळत गेलं आणि त्याखालून निळा रंग उघडा पडला.

मुखरूचा हात थांबला. हा निळा त्याच्या ओळखीचा होता. अशोक विजयादशमीसाठी विहाराचा झेंड्याचा खांब रंगवला होता, त्यातला उरलेला डबा. श्रावण तोंडात विडी धरून जीपखाली निजून ब्रश मारत होता आणि डबा धरून बसला होता मुखरू. "वरतून गाडी मालकाची, मुखऱ्या. खालून माही," श्रावण हसून म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच ठेकेदाराचा निरोप आला, गाडी जंगलात घेऊन ये. तसल्या दमट हवेत एका रात्रीत इनॅमल वाळत नाही. श्रावण ओल्या रंगावरच गेला, आणि पूर त्याच दिवशीचा.

मुखरू निळ्यावरचं काळं पुसत पुसत मागच्या चाकाच्या जागेपर्यंत आला. चेसिसच्या डाव्या लांब दांड्याच्या आतल्या अंगाला बोळा अडखळला. त्यानं कंदील जवळ आणला.

चार रेघा होत्या. शेजारी शेजारी, निळ्यातून ओढत नेलेल्या. दांड्याच्या खालच्या अंगाला पाचवी, आखूड आणि रुंद. रेघा जिथे संपत होत्या तिथे रंग गोळा होऊन त्याची कड तशीच वाळली होती.

ओल्या रंगाला बोट लावणाऱ्यांवर मुखरू जन्मभर खेकसत आला होता. बोट कसं उमटतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. कुणीतरी खालून हा दांडा धरला होता. घट्ट धरला होता. आणि पाण्यानं तो हात मागे मागे ओढत नेला होता.

त्यानं त्यावर फडकं टाकलं आणि बाहेर जाऊन बसला. त्याला आपल्या सगळ्या शिव्या आठवल्या.

पुढचे दोन दिवस त्यानं चेसिसला हात लावला नाही. गुणवंतरावांचा माणूस येऊन विचारून गेला. दसरूनं विचारलं, "काऊन जी, तब्येत बरी नाई का?" मुखरूनं त्याला दुसऱ्या कामाला लावलं. घरी जेवायला जायचंही त्यानं टाळलं, कारण ताट वाढायला वयनी असायची.

तिसऱ्या दिवशी, लालसू आणि दसरू जेवायला गेल्यावर, त्यानं काळ्या इनॅमलचा डबा फोडला. ना घासायचं, ना रेड ऑक्साइड. निळ्यावर सरळ काळा ओढायचा. भावाची बोटं आत जशीच्या तशी राहतील, आणि वयनीची आसही. कुणाला काही कळायचं नाही. त्यानं ब्रश बुडवला.

"भाऊजी, दोन दिसापासून तुमचं जेवन नाई. मी डबा आणला."

सत्यशीला दारात उभी होती. बोलता बोलता तिची नजर चेसिसवर गेली आणि तिथेच राहिली.

"हा विहाराचा निळा होय."

"होय, वयनी."

"त्यायची गाडी?"

मुखरूनं मान हलवली. तिनं डबा खाली ठेवला आणि चेसिसला फेरी घालत आली. दांड्यावरून हात फिरवत होती, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. फडक्यापाशी हात थांबला. "हे काऊन झाकलं?"

त्याच क्षणी काहीतरी खोटं सांगता आलं असतं. गंज आहे, वेल्डिंग फुटलंय, काहीही. तिनं स्वतःच फडकं उचललं.

कितीतरी वेळ ती पाहत राहिली. मग आपली बोटं त्या रेघांत ठेवली. रेघा तिच्या बोटांना रुंद होत होत्या.

"रंग ओलाच होता," मुखरू कसाबसा म्हणाला. "पुराच्या दिवशी."

"मंजे पळून नाई गेले."

"नाई, वयनी."

"पळाले नाई," ती पुन्हा म्हणाली. मग तिथेच खाली मातीत बसली आणि रडली. मोठ्यानं नव्हे. इतक्या वर्षांत मुखरूनं तिला रडताना पाहिलं नव्हतं. रडायचं म्हणजे तो मेला असं मानायचं होतं, म्हणून ती रडली नव्हती.

"मी हे असंच ठेवतो," मुखरू म्हणाला. "वरतून काळा मारतो. कोनाले समजन नाई."

"किती दिवस टिकन?"

रंगाच्या बाबतीत मुखरूला खोटं बोलता येत नसे. "दोन पावसाळे. मग पापुद्रे सुटतीन. गंज अंदरून खाऊन टाकन."

सत्यशीलेनं पदरानं तोंड पुसलं. "मले अंदरून लय खाल्लं, भाऊजी. घासून टाका."

"गुणवंतभाऊले दाखवू का?"

"त्याच्या बापाले दाखवाचं होतं. तो तं गेला."

लालसू आणि दसरू परत आले तेव्हा दीर-भावजय घासत होती. त्यांनीही घासायचे कागद हातात घेतले. डाव्या दांड्याची ती जागा सत्यशीलेनं कुणाला घासू दिली नाही. ओठांतल्या ओठांत त्रिशरण म्हणत तिनं ती एकटीनं उघडी केली. निळी भुकटी तिच्या मनगटापर्यंत चढली. खालून लोखंड निघालं, करडं आणि स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी रेड ऑक्साइड मारायचा म्हणून चेसिस अंगणात, उन्हात न्यायची होती. एरवी ती खाली पाइप घालून ढकलत नेली असती, पण उघड्या लोखंडाला धूळ चालत नाही. खांद्यावरच घ्यावी लागणार होती. पुढे मुखरू आणि लालसू, मागे दसरू. चौथा माणूस नव्हता. तेवढ्यात फाटकातून राजदूत आत आली.

"थांबले काऊन?" गुणवंतरावांनी विचारलं.

"एक खांदा कमी पडून राह्यला, भाऊ."

"माहा शर्ट गेला आज," असं कुरकुरत ते दसरूच्या शेजारी आले, वाकले, आणि चेसिस वर उठली.

भार खांद्यावर आला तेव्हा कुठे मुखरूच्या ध्यानात आलं. दोन लांब दांडे, मधे आडव्या पट्ट्या, आणि चार कोपऱ्यांना चार माणसं. त्याचे पाय जागीच थबकले.

"चाला ना, मुखरूभाऊ!" मागून गुणवंतराव म्हणाले.

मुखरूनं मान वळवून पाहिलं. सत्यशीलेनं चपला दाराशी काढल्या होत्या. डोक्यावरून पदर घेऊन ती चेसिसच्या मागे येऊन उभी राहिली होती.

"तुम्ही काऊन येता, बाई? ऊन लय हाय," गुणवंतराव म्हणाले. "सावलीत बसा."

मुखरूनं पाऊल टाकलं, नेहमीच्या घाईनं नव्हे, वयनीला मागून चालता येईल इतक्या बेतानं.