दंडावरची चांदी

वाचकहो, पैसा आला की त्याच्या मागोमाग अक्कलही येते, असं समजू नका. वऱ्हाडात तो आला तेव्हा घरात होती नव्हती तेवढी अक्कलही त्यानं बाहेर हाकलली. अमेरिकेत भाऊ भावावर उठला, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि आमच्या काळ्या रानातल्या कपाशीला असा भाव चढला की अमरावतीच्या बाजारात गाड्या उभ्या करायला जागा उरली नाही. मग काय विचारता! लोक अर्ध्या हळकुंडानं पिवळे झाले.

मूर्तिजापूरकडचे खुशालराव पाटील हे त्या पिवळ्या झालेल्यांत पहिल्या पंगतीचे. त्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. तेवढ्यानं भागेना, म्हणून गाडीच्या चाकांवर चांदीच्या पट्ट्या ठोकल्या, आणि चिखलातून गाडी गेली की त्या पुसायला एक माणूस ठेवला. गावच्या विहिरीचा कठडा ढासळला होता, तिकडे मात्र त्यांची नजर गेली नाही. कठड्याला चांदी कुठे लावता येते?

अशात त्यांची सून जयवंता बाळंत झाली. पहिलाच मुलगा! खुशालरावांनी अकोल्याहून सोनार आणवला आणि सुनेच्या डाव्या दंडावर, कोपराच्या जरा वर, मनगटाएवढी जाड वाकी चढवली. तिच्यावर कपाशीची बोंडं उठवलेली, एकेक टपोरं आणि टोकदार. चोरांच्या भीतीनं तिला फिरकी ठेवली नाही, सोनाराकडून खिळाच मारून घेतला. जोडीची दुसरी वाकी पेटीत ठेवली. सव्वा महिन्यानं बारसं, त्या दिवशी अकोल्या-अमरावतीच्या व्यापाऱ्यांसमोर ती उजव्या दंडावर चढवायची, असा बेत होता. तोवर गावातल्या बायका बाळंतिणीच्या खोलीत येत, आधी दंड पाहत आणि मग जमलं तर बाळ.

बाळाला मात्र त्या थाटाचं काही सुख नव्हतं. डावीकडे पाजायला घेतलं की त्याचं डोकं आईच्या डाव्या कोपरावर यायचं, वाकीची बोंडं त्याला रुतायची आणि ते किंचाळून तोंड सोडून द्यायचं. जयवंतानं सासूला, मैनाबाईला, एकदा भीत भीत सांगितलं.

"आत्याबाई, वाकी टोचते त्याले."

"चांदी टोचते म्हने!" मैनाबाई उसळली. "जलमभर काचेच्या बांगड्या घातल्या आमी. लोकाईच्या सुनाईले पाहाले भेटत नाई, अन् तुले टोचून राहिली? कोनापुढं बोलजो नको, हासतील!"

 जयवंता बाळाला उजवीकडेच घेऊ लागली. बाळ निमूट प्यायचं, झोपायचं, अंग धरू लागलं होतं. पण जे अंग पाजलंच जात नाही त्यानं दूध कुणासाठी करावं? उजवीकडची चोळी भिजून जाई, डावीकडे हळूहळू चार थेंब निघायची मारामार झाली. एके दिवशी न्हाऊ घालताना हे मैनाबाईच्या ध्यानात आलं आणि तिनं घर डोक्यावर घेतलं.

"माय वो! हिची डावी बाजू तं सुकून गेली!"

मग शहाण्यांना काय तोटा! कुणी म्हणालं नजर लागली, मीठ-मिरच्या ओवाळल्या. कुणी डिंकाचे लाडू वाढवले. सुईण पाटलाच्या घरचं लुगडं घेऊन गेलेली, तिनं सासूच्या तोंडाकडे पाहून सांगितलं की एका अंगाचं दूध प्यालेलं लेकरू एका अंगानं लुळं होतं. असं लुळं झालेलं एकही माणूस पंचक्रोशीत नव्हतं, पण ते विचारायचं कुणाला सुचतं?

गोष्ट ओसरीवर खुशालरावांपर्यंत गेली. ते कापसाचा माल पाहत बसले होते. त्यांची पाहण्याची रीत ठरलेली. गाठोड्यात एका बाजूनं हात घालायचा, मूठभर कापूस बाहेर काढायचा, आणि तो हलका लागला की सगळं गाठोडं परत! सुनेचाही निवाडा त्यांनी त्याच मुठीनं केला.

"या घरात अर्धा माल चालनार नाई," ते म्हणाले. "तिचं दूध बंद करा. गोठ्यात म्हैस हाये ना? बोंडल्यानं तिचं दूध पाजा. पाटलाचा नातू हाये तो!"

म्हणजे माणसाच्या पिल्लाला आईचं दूध हलकं, म्हशीचं भारी! वाचकहो, अशा बुद्धीला काय म्हणावं? त्या म्हशीला विचारलं असतं तर तीही नको म्हणाली असती.

जयवंताची छाती फडक्यानं आवळून बांधली. उजवी बाजू दगडासारखी घट्ट झाली, तिला ताप भरला. शेजारच्या खोलीत बोंडल्यातलं म्हशीचं दूध बाळाला बाधू लागलं. आधी उलट्या, मग हगवण. गुबगुबीत गाल बसले, डोळे खोल गेले. जयवंतानं नवऱ्याला, देवीदासाला, हात जोडून सांगितलं, "अवो, लेकरू जाईल आपलं! मले पाजू द्या त्याले!" देवीदासानं नव्या पागोट्याचा पीळ सारखा केला आणि म्हणाला, "बाबा म्हनतात तसं कर." एवढं बोलून तो आरशाकडे वळला.

पाटलांच्या भिंतीला भिंत लागून अब्दुल सत्तार यांचं घर. त्यांचा कापूस-रुईचा व्यापार जुना, बापापासूनचा, त्यामुळे नव्या पैशानं डोकं फिरायचं त्या घरात राहून गेलं होतं. त्यांच्या बीबी हलीमाबी घरभर लेकरं वाढवलेल्या, आणि जिभेला हाड नसलेल्या. भिंतीपलीकडून येणारं बाळाचं रडणं बारीक होत गेलेलं त्यांनी ऐकलं, आणि ऐन दुपारी त्या पाटलांच्या दारात उभ्या राहिल्या.

"मैनाबाई, परवापर्यंत लेकरू ठणठण रडत होतं. आज नुसतं कण्हून राहिलं. काय पाजून राहिले तुमी त्याले?"

उत्तराची वाट न पाहता त्या आत गेल्या. जयवंतानं त्यांना पाहून तोंडावर पदर घेतला आणि जे सासूला सांगून चूक केली होती, तेच पुन्हा सांगितलं. "बी, वाकी टोचते त्याले. म्हनून मी उजवीकडंच घेत गेली. माझं दूध खराब नाई वो!"

हलीमाबींनी तिच्या छातीचं फडकं सोडलं, शेजारच्या खोलीतून बाळ आणलं आणि त्याला उजवीकडे लावलं. आधी त्यानं नुसते ओठ हलवले. मग हळूहळू ओढू लागलं. जयवंता घळाघळा रडायला लागली. हलीमाबींनी मैनाबाईकडून पेटीतली दुसरी वाकी मागून घेतली आणि पदराखाली धरून त्या ओसरीवर आल्या.

"खुशालभाऊ, तुमच्या जोडीतला डावा बैल कसा हाये?"

"सर्जा? गुनाचा हाये, भाभी. उजव्यापरीस थोडा कमी ओढते."

"मंग इकला काहून नाई त्याले?"

"इकीन कायले?" खुशालराव हसले. "कोन्या जोडीत दोन बैल बरोबर ओढतात? एक जास्त, एक कमी. मिळून गाडी चालते."

"अन् त्याले महिनाभर गोठ्यातच बांधून ठेवलं तं?"

"तं ओढनंच भुलून जाईल. त्यात त्याचा काय कसूर? बांधनाऱ्याचा कसूर!"

"वा रे पाटील!" हलीमाबी कडाडल्या. "बैलाचं समजते, अन् सुनेचं समजत नाई! अवो, कोन्या बाईचे दोन्ही अंग बरोबर नसतात. माझं दूध उजवीकडं जास्त होतं. तुमच्या मैनाबाईचं डावीकडं. ती उजव्या हातानं कपाशी वेचे अन् देवीदासले डाव्या काखेत धरून पाजे. तेव्हा कोन म्हनालं अर्धा माल? तेव्हा चांदी नव्हती, म्हनून टोचली नाई!"

मैनाबाई दाराआड उभी होती. तिनं मान खाली घातली. पण खुशालरावांचा ताठा काही असा तसा नव्हता. ओसरीवर माल घेऊन आलेली माणसं बसलेली, त्यांच्यासमोर माघार कशी घ्यायची?

"चांदी काई टोचत नसते, भाभी. पोरीचे बहाने हायेत."

हलीमाबींनी पदराखालची वाकी काढून त्यांच्या बैठकीवर ठेवली. "मंग हे घ्या. हिचीच जोडीदार हाये. तुमची दुपारच्या झोपेची येळ झालीच हाये. उशाले घ्या!"

खुशालराव मोठ्यानं हसले. चारचौघांकडे पाहिलं, पागोटं काढून बाजूला ठेवलं आणि आपलं गुळगुळीत टक्कल ऐटीत वाकीवर टेकवून पडले. थोडा वेळ ते तसेच हसत राहिले. मग हसू गेलं. त्यांनी मान इकडे केली, तिकडे केली. कानामागे एक बोंड रुतलं आणि पाटील "आई गं!" करून उठून बसले. टकलावर कपाशीची नक्षी लालेलाल उमटली होती. माल घेऊन आलेली माणसं एकाएकी आपापल्या गाठोड्यांच्या गाठी तपासू लागली.

"तुमची टाळू भरून किती सालं झाली, पाटील!" हलीमाबी म्हणाल्या. "त्याची टाळू अजून लोन्यावानी नरम हाये! तुमाले टोचलं तं तुमी उठून बसले. त्यानं कसं उठावं? तो रडला, तं तुमी त्याच्या मायचंच दूध तोडलं!"

आतून बाळाचा आवाज आला. रडण्याचा नव्हे, घोट घेण्याचा. खुशालरावांनी तो ऐकला आणि त्यांचा चेहरा उतरला. आपल्या हौसेपायी नातू जिवानिशी जायला निघाला होता, हे त्या जाड डोक्यात शिरायला डोक्यालाच टोचावं लागलं!

"वाकी काढा!" ते ओरडले.

"खिळा मारला हाये वो," मैनाबाई दाराआडून म्हणाली. "सोनार अकोल्याले. तोडली तं बारशाले लोक काय म्हनतील?"

"तुटू दे! लोकाईले लावा चुलीत!"

गाडीची कानस आणली आणि देवीदासाच्या हाती दिली. पागोटं सावरण्यापलीकडे त्या हातांना मिळालेलं हे पहिलंच काम. मैनाबाईनं सुनेच्या दंडाला इजा होऊ नये म्हणून वाकीखाली फडकं धरलं. कानस फिरत राहिली, चांदीचा भुगा पडत राहिला. वाकी तुटून खाली पडली तेव्हा मैनाबाईनं ती उचललीसुद्धा नाही. सुनेच्या दंडावर उमटलेला वळ ती तेल लावून चोळत बसली. "पोरी, तू सांगतलं, मी आयकलं नाई," ती म्हणाली.

पुढे हलीमाबींच्या सांगण्याप्रमाणे जयवंता प्रत्येक वेळी बाळाला आधी डावीकडे घेई, मग उजवीकडे. घट्ट झालेली बाजू मोकळी झाली, ताप उतरला. म्हशीचं दूध तिच्या वगारीला गेलं. बाळाची हगवण थांबली, गालांवर पुन्हा मांस चढलं. डावीकडचं दूध वाढलं, पण उजवीच्या बरोबरीला कधीच आलं नाही. आणि त्यानं बाळाचं काहीच अडलं नाही.

बारशाला मोठाले पाहुणे आले. बाळाकडे नजर टाकून सगळ्यांचा एकच प्रश्न, "पाटील, ती वाकी कुठाय?" खुशालरावांनी तुटलेली वाकी तबकात ठेवून सगळ्यांपुढे फिरवली आणि टकलाची हकिगत स्वतःच सांगितली. पूर्वी वाकीची बढाई मारत, आता ती तोडल्याची मारू लागले. मारोत बापडे! बढाईच मारायची तर अशी बरी.

तर बंधुभगिनींनो, एवढं लक्षात ठेवा. बाईचं अंग म्हणजे तागडी नव्हे, दोन्ही पारडी सारखी असायला. एकीकडे दूध जास्त, एकीकडे कमी, ही देवाघरची रीत आहे. त्यात ना दोष, ना अपशकुन. कमी असेल तिकडे बाळाला आधी लावा, आणि बाळंतीण काही सांगत असेल तर नजर, नवस, म्हैस आणि चांदी या सगळ्यांच्या आधी तिचं ऐका. नाहीतर पाटलांसारखं डोकं टेकवून पाहायची तयारी ठेवा!

त्या बारशात एका बड्या व्यापाऱ्याची बायको आपल्या गरोदर सुनेला घेऊन आली होती. तबक तिच्यापुढे आलं तेव्हा तिनं तुटक्या वाकीवरून बोट फिरवलं. मग सुनेचा दंड हातात घेतला, आणि भर पंगतीत, सगळ्यांच्या देखत, तिच्या वाकीची फिरकी सोडायला लागली.