काढायचे राहिलेले चाक

मी एक जुनी मिलिंग मशीन आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलेही नसेल. लोखंडाचा तुकडा माझ्या टेबलावर घट्ट आवळतात, वर कटर गरगर फिरतो आणि टेबल सरकेल तसतसे लोखंड सोलले जाते. टेबल सरकवायला माझ्या अंगावर तीन चाके होती, प्रत्येकाला बाहेर आलेली एक लोखंडी मूठ. मूठ धरायची आणि फिरवायचे.

भट्टीत वितळले, साच्यात निजले, रेतीतून उठले, घासून घासून सरळ झाले. मग पंपांच्या एका कारखान्यात खिडकीखाली मला उभे केले आणि तिथे मिस्त्रींची नि माझी गाठ पडली. चोवीस वर्षे तोच एक माणूस माझ्यापुढे उभा राहिला. त्यांच्या पायांखालची फरशी झिजून बशीसारखी खोलगट झाली.

मीही झिजले. टेबल ओढणाऱ्या माझ्या आट्यांच्या दांड्यात ढिलाई आली. चाक उलटे फिरवले की टेबल लगेच हलायचे नाही, पाव फेरा फुकट जायचा. कामगार त्याला ‘प्ले’ म्हणतात. नवखा माणूस तिथे हमखास फसे. मिस्त्रींचे तसे नव्हते. टेबलाची दिशा बदलायची वेळ आली की त्यांचा उजवा हात आपोआप मुठीवर जाई आणि तो रिकामा पाव फेरा खाऊन टाकी. बोलता बोलता, शिंकता शिंकता, घरच्या काळजीत बुडालेले असतानाही. माझे व्यंग त्या हाताने पोटात घातले होते.

पुढे कारखाना बंद पडला. बाकीच्या मशिनी भंगारात गेल्या. मला मात्र मिस्त्रींनी घरी आणले, स्वयंपाकघरामागच्या खोलीत, दाराची चौकट फोडून. त्यांची बायको कमरेवर हात ठेवून बघत होती.

“आणलीत का शेवटी सवतीला घरात?”

“अगं, कोपऱ्यात पडून राहील बिचारी.”

“बिचारी म्हणे! माझ्या कढईपेक्षा जास्त तेल पिते ती.”

पण मला झाकायला जुन्या चादरीची खोळ तिनेच शिवली.

काही वर्षे बरी गेली. मग मिस्त्रींच्या हाताला कंप सुटला. आधी चहाची कपबशी वाजू लागली, मग माझी मूठ. हे वाढतच जाणार, असे डॉक्टरांनी सांगितले. कामे बिघडू लागली. बिघडलेला तुकडा ते खिशात लपवून नेत. एका सकाळी ते आले, माझी खोळ काढली आणि मला सुरू न करताच खोळ परत घालून गेले.

लेकीने ते दारातून पाहिले. ती सर्किटे दुरुस्त करण्याचे काम करी.

“बाबा, हिला मोटारी बसवू. चाकं फिरवायचं काम कॉम्प्युटर करेल. हात थरथरतोय तर थरथरू दे, डोकं कुठं थरथरतंय तुमचं?”

“आणि मी काय करू? टाळ्या वाजवू?”

“तुम्ही सांगायचं. किती वेग, किती खोल. मला काय कळतंय त्यातलं!”

मिस्त्री हसले. कितीतरी महिन्यांनी हसले.

चार महिने सुट्टीच्या दिवशी बापलेक माझ्या पोटात हात घालून बसत. जुने दांडे निघाले, नवे आले. त्यांत प्ले नावालाही नव्हता. मोटारी बसल्या, वायरी आल्या, थांबवायचे लाल बटण आले. मग चाके काढायची वेळ आली. दोन निघाली. तिसऱ्यावर मिस्त्रींचा हात पडला.

“हे राहू दे.”

“बाबा, मोटर चालू झाली की हे गरगरा फिरणार. काढायलाच हवं.”

“धरायला काही नको का मला? असू दे गं तेवढं.”

तिने हातातल्या पान्याकडे पाहिले, मग बापाच्या चेहऱ्याकडे. “बरं. पण चालू असताना हात लावायचा नाही.”

“नाही लावणार, आजीबाई.”

त्यांनी खरेच मनापासून सांगितले होते.

पहिले खरे काम लावले, पंपाचे एक झाकण. बायकोही हात पुसत बघायला आली. मिस्त्री कान देऊन उभे होते.

“वेग थोडा कमी कर. ऐक, किंचाळतेय ती.”

लेकीने वेग कमी केला. माझा आवाज निवला. मिस्त्रींची मान ताठ झाली, खांदे जुन्या जागी आले. काप संपला. टेबल आता मागे फिरणार होते. आणि दिशा बदलता बदलता त्यांचा हात मुठीवर गेला.

प्ले गेला, हे मिस्त्रींना ठाऊक होते. हाताला ते कुणी सांगितलेच नव्हते.

कुठल्याही माणसाने फिरवले नसेल इतक्या वेगाने चाक फिरले. मी जन्मभर लोखंड कापले, पण हाड मोडल्याचा आवाज कधी ऐकला नव्हता. लेकीने लाल बटण दाबले. मी थांबले. उशिरा थांबले.

मनगट पुढे जुळले, पण बोटे मिटेनात. अपघात झाला त्याच संध्याकाळी लेकीने चाक काढले.

“मीच आधी काढायला हवं होतं, आई.”

“तुझ्या बापानं काढू दिलं असतं का?” आई म्हणाली. पण तिने पुन्हा मला सवत म्हटले नाही.

मिस्त्री या खोलीत येत नाहीत. लेक एकटी काम करते. परवा तिने एका तुकड्याची कड मुद्दाम न घासता तशीच धारदार ठेवली आणि तो बाहेर बापाकडे घेऊन गेली. दार उघडे होते. कारखान्यात अशी कड दिसली की मिस्त्री तुकडा भिरकावून देत. या वेळी त्यांनी डाव्या हाताचा अंगठा कडेवरून फिरवला. अंगठ्यावर रक्ताची बारीक रेघ उमटली.

“चांगलं झालंय,” ते म्हणाले.

“बाबा, नीट बघा ना.”

“बघितलं गं. चांगलं झालंय.”

ती आत आली आणि माझ्या टेबलावर डोके टेकून रडली.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. जुने यंत्र नवे करायला घ्याल, तेव्हा त्यावर राबलेल्या माणसाचा हात आधी बघा. तो केव्हा कुठे जातो, हे त्या माणसालाही सांगता येणार नाही. चार दिवस शेजारी उभे राहून तुम्हीच ते पाहा. आणि तिथले चाक काढा. माणूस रागावेल, रुसेल, जेवणार नाही. तरी काढा. रुसलेला माणूस दोन दिवसांनी कामावर परत येतो. आमचे मिस्त्री येत नाहीत.