घरच्या चार ओळी

"थांब! हात नको लावू त्याले!"

शालिग्रामने सारिकाचं मनगट धरलं तसा भाकरीचा तुकडा भरताच्या ताटलीत पडला. लेक पहिल्या बाळंतपणाला सोनाळ्यात माहेरी आलेली, सातवा महिना, सकाळपासून भरीत भरीत करत आईच्या मागे लागलेली. आणि बापाने ऐन घासाला हात धरावा!

"छाया, हे वांगे कुठले?"

"कुठले म्हंजे? घरच्या ओळीतले. चौथ्या." बायकोने तव्यावरची भाकरी उलटली.

"मंग काठी दुसऱ्या ओळीपाशी कशी? आत्ता पाहून आलो मी."

"म्या सरकवली, परवा. ठिबकच्या नळीले अडून राह्यली होती."

शालिग्रामने भरताची ताटली बाजूला सरकवली. बांधाकडच्या पहिल्या चार ओळी घरच्या खाण्याच्या. त्यांच्यावर तो औषधाचा थेंब पडू देत नसे. चौथीच्या कडेला पिवळी चिंधी बांधलेली काठी, तिच्या पुढे बाजाराचा माल. पानांचा रस पिणाऱ्या बारीक लाल कोळ्यांनी महिनाभर उच्छाद मांडला होता, पानं पिवळी पाडून जाळी विणली होती मेल्यांनी. म्हणून काल त्याने कोळीनाशक फवारलं. तोडणी पाच दिवस नको, असं डब्यावर लिहिलेलंच होतं.

पण फवारायला सुरुवात कुठून केली? तोंडाला फडकं, पाठीवर पंपाची घरघर. काही म्हणता काही आठवेना, तसं तो बोललाही.

"आठवत नाही म्हंजे? तुम्हीच फवारलं ना?" छायाने विचारलं.

"म्याच फवारलं. पन काठी पाहून, का ओळी मोजून, तेच ध्यानात येऊन नाही राह्यलं."

"बाबा," सारिका हळूच म्हणाली, "मी एक घास खाल्ला."

तो तसाच अनवाणी घरामागच्या वावरात धावला. चौथ्या ओळीतलं पान तोडलं, डोक्यावरची पांढरी टोपी काढून तिच्यावर झटकलं. तिखटाच्या कणांसारखे तांबडे ठिपके पडले. हलेनात. मग एक ठिपका सरकला. मग दुसरा. मग टोपीभर लगबग सुरू झाली.

"चाला रे बाबांनो, चाला!"

कोणी ऐकलं असतं तर याला खुळा म्हटलं असतं. महिनाभर ज्यांना शिव्या घातल्या, त्यांना पाहून त्याचे डोळे भरून आले. खात्रीसाठी त्याने पाचव्या ओळीतलं पान टोपीच्या दुसऱ्या कडेला झटकलं. तिथले ठिपके पडले तिथेच राहिले.

"खाय पोरी, खाय!" दारातूनच तो ओरडला. "कोळी जित्ते हायेत!"

सारिका हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. तिने मोठा घास घेतला. तेवढ्यात अंगणात टेम्पो वाजला.

टेम्पोवाला जीवन मलकापूरच्या बाजाराला माल न्यायला आला होता. ओसरीवर सकाळीच तोडलेले सहा कॅरेट भरून ठेवलेले. पाच दिवस थांबलं तर वांगी जून होतात, मग घेतो कोण! जीवनने नेहमीप्रमाणे वरची दोन वांगी उचलली. भाड्याशिवाय तेवढा त्याचा हक्क, कधी कोणी हरकत घेतलेली नाही.

"ते नको, जीवन. थांब, तुले घरचे देतो."

"काऊन काका? हे खराब हायेत का?"

"नाही."

"मंग?"

आत छायाचा भाकरी थापण्याचा आवाज थांबला. सारिकाने हातातला घास तसाच धरून ठेवला. जीवनने आळीपाळीने तिघांकडे पाहिलं, दोन्ही वांगी परत कॅरेटात ठेवली आणि तळहात पँटीला पुसला.

"मंग हे गाडीत चढवू का नको, काका?"

शालिग्रामच्या हातात टोपी होती. तिच्या एका कडेला कोळी अजून फिरत होते. ती झटकावी की डोक्यावर घालावी, तेवढंही त्याला सुचेना.