तलाव सरकारचा, दट्ट्या गावाचा

मित्रांनो, मी नागभीडकडच्या एका गावतलावाचा जुना सागवानी दट्ट्या. तलावाच्या पाळीत, म्हणजे मातीच्या बांधात, शेतांकडे पाणी सोडायचं भोक असतं. त्यात गच्च बसून राहणं हाच माझा पराक्रम. आलापल्लीच्या जंगलात माझे भाऊ आभाळाला टेकले. मला मुखरू सुतारानं तासलं आणि चिखलात नेमणूक दिली.

पण काय दिवस होते! धान निसवायला आलं की सारं गाव पाळीवर जमायचं, मला हळद लावायचं. मला उपसलं की पहिलं पाणी सर्वांत शेवटच्या बांधीला, म्हणजे शेताच्या तुकड्याला, धुरपताबाईच्या धानाला. तिच्यानंतर आपली बारी, म्हणून वरचे बांधीवाले स्वतःच तिचं पाणी गुरासारखं हाकत न्यायचे.

एकावन्न साली मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाला. पुढच्याच वर्षी हस्त कोरडा गेला. धुरपताबाईच्या बांधीला भेगा पडल्या आणि नवे साहेब पाळीवर उभे राहून म्हणाले, "वरून हुकूम आल्याशिवाय पाणी सुटणार नाही."

"वरून तं पाऊसबी नाई आला, साहेब," धुरपताबाई म्हणाली. "हुकूम कुठून येते?"

पाणी वाटणाऱ्या दसरूनं विचारलं, "तलाव सरकारचा?"

"हो."

"पानी?"

"तेही."

"अन् हा दट्ट्या?"

साहेबांनी हातातले कागद चाळले. माझ्याबद्दल त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

"तो गावाचा आहे," धुरपताबाई म्हणाली. "सरकारच्या तलावात आमचं लाकूड काऊन सडवाचं? चाल दसरू, घरी ने त्याले."

मला खांद्यावरून मिरवत नेलं. मागे पाणी धो धो सुटलं. साहेब धावत आले, "अहो, दट्ट्या द्या!"

"सरकारनं आपला आणावा न," दसरू म्हणाला.

साहेबांनी भोकात तणसाची पेंढी कोंबली. पेंढी त्यांच्याआधी शेतात पोचली.

साऱ्या बांध्या भरल्यावर धुरपताबाईनंच मला परत आणलं. "पानी उगा वाया नाई घालवाचं. दट्ट्या उसना देऊन राह्यली, साहेब. सांभाळून वापरजा."

पुढे त्या भोकाला चाक फिरवून उघडायचं लोखंडी दार आलं, साहेबांची बदली झाली. मी धुरपताबाईच्या अंगणात आलो. माझ्यावर आता कोंबडी बसते. तक्रार नाही. पण यंदा ते दार उघडताना डुकरासारखं किंचाळलं आणि अर्ध्यातच अडकलं. सारे म्हणाले, "सरकारचं आहे, सरकार तेल घालन."

मित्रांनो, घरातलं थोडं तेल त्याला घाला. दार सरकारचं असेल. धान धुरपताबाईचं आहे.