घटी बसलेली मालकीण

विमलफराळ डॉट कॉम हे माझं नाव. पासपोर्टवर सासरच्या आडनावासकट लांबलचक काहीतरी लिहिलंय, पण त्या नावाने मला या देशात कोणी ओळखत नाही. आमच्या गिरावीनपासून पार वॉलॉंगॉंगपर्यंत कुणाच्या घरी दिवाळीत चकली मऊ पडली की आलेले पाहुणे विचारतात, "विमलफराळवरून नाही का मागवली?" मी चौथी शिकलेली बाई. इथल्या बसवरची पाटी अक्षर अक्षर लावून वाचेपर्यंत बस निघून जाते. पण माझ्या साइटचं नाव उलटं धरलं तरी वाचीन.

ही गोष्ट दोन हजार सोळा सालची. सप्टेंबर संपत आला होता, ऑर्डरी यायला लागल्या होत्या, दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते. सकाळी माझा मुलगा यतिन टोस्ट चावत फोन वाचत होता. तो पॅरामॅटाला एका बँकेत कॉम्प्युटरचं काम करतो.

"उद्या अमेरिका सोडतेय," तो बायकोला, मेधाला, म्हणाला.

"काय सोडतेय?" मी विचारलं.

"इंटरनेटवरची नावं, आई. जगातल्या साइट्सची नावं कुठे सापडतील, त्याची एक सगळ्यात वरची यादी असते. एक संस्था ती सांभाळते. आजवर तिच्यावर अमेरिकन सरकारची देखरेख होती, ती आता संपतेय."

"मग उद्यापासून मालक कोण?"

"मालक असा कोणी नाही. जगभरातले लोक. इंजिनियर, कंपन्या, सरकारं, साधे वापरणारेसुद्धा. सगळे मिळून ठरवणार."

सगळे मिळून म्हटलं की मला आमची टाकी आठवते. यतिनला काय, तो तेव्हा लहान होता. डोंबिवलीला आमच्या सोसायटीची टाकी बिल्डरच्या ताब्यात होती तोवर साफ व्हायची. नाही झाली तर त्याच्या दारात जाऊन मी त्याचा उद्धार करायची. मग टाकी सगळ्यांची झाली. पुढे पाण्याला वास यायला लागला. झाकण उघडलं तर आत कबूतर फुगून तरंगत होतं, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. ते पाणी आम्ही प्यायलो होतो.

"त्या यादीत माझं नाव आहे का?"

"तुझं डायरेक्ट नाही गं. तुझं खाली, डॉट कॉमच्या आत कुठेतरी."

"कुठेतरी?" मी म्हटलं. "आईचं नाव कुठेतरी आहे म्हणे! फोन लाव. ज्यांच्याकडून नाव घेतलं त्यांना विचार, उद्या माझं नाव राहील का."

"आई, असं कोणी विचारत नाही."

"मग मी पहिली. लाव."

त्याने स्पीकरवर फोन लावला. कंपनीचा माणूस हसला. नो वरीज मेट, तुम्हाला काही फरक पडणार नाही, म्हणाला. मला हुश्श झालं. आणि तेवढ्यात तो म्हणाला, आता फोन केलाच आहे तर मालकाची माहिती तपासून घेऊ. मिस यमाई देवी आहेत का घरात?

यतिनचा टोस्ट तोंडातच राहिला.

त्याचं असं. साइटचं नाव घेतलं तेव्हा यतिनने विचारलं होतं, मालक म्हणून कोणाचं नाव लावू? आमच्या घरात नवी वस्तू आधी कुलदेवीच्या नावावर होते. डोंबिवलीतली गिरणी यमाईची, पहिली स्कूटर यमाईची. आपण नुसते वहिवाटदार. मी म्हटलं, लाव औंधच्या यमाईचं. त्याने निमूटपणे लावलं होतं.

"त्या आत्ता बोलू शकत नाहीत," यतिन फोनवर म्हणाला.

मग केव्हा बोलू शकतील, असं त्या माणसाने विचारलं. यतिनने माझ्याकडे बघितलं. घटाच्या आदल्या दिवशी देवीबद्दल खोटं बोलायची माझी काय छाती!

"सांग, उद्या घटी बसतेय. दसऱ्यापर्यंत उठायची नाही."

त्याने तसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला. त्या आजारी आहेत का?

यतिनला खरं बोलायला मीच शिकवलंय, भोगावंही मलाच लागलं. "शी इज अ गॉडेस, मेट," तो म्हणाला.

फोनवर नुसती बटणं वाजत राहिली. टक टक टक. मग कळवतो म्हणून त्याने फोन ठेवला.

शनिवारी घट बसवले. बनिंग्जच्या दुकानातून आणलेली माती, त्यात गहू, वर कलश, विड्याच्या पानांवर यमाईचा टाक. नमस्कार केला पण लक्ष घड्याळाकडे. तिकडे अमेरिकेत मध्यरात्र झाली की सुटणार, म्हणजे आपल्याकडे दुपारी दोनला, असं यतिनने सांगून ठेवलं होतं. माझी नात नुपूर वॉलॉंगॉंगला युनीत शिकते, ती सुट्टीला आली होती. तिला मी लॅपटॉप घेऊन शेजारी बसवलं.

"आजी, चिल. नथिंग विल हॅपन."

"तू उघडून धर. डोळा काढू नकोस त्याच्यावरून."

किचनमध्ये लता चकल्या तळत होती. लता जवळच्या पेंडल हिलची. तिने नर्सिंग होममधल्या शिफ्टा सोडून माझ्यासोबत फराळाचं काम धरलं होतं. चकल्यांचा वास घरभर पसरला होता. स्क्रीनवर माझ्या चकलीचा फोटो होता. दोन वाजले, नुपूरने पान परत उघडलं, आणि फोटो गेला. स्क्रीन पांढरीफटक.

"सोडलं!" मी ओरडले. "नुपूर, सोडलं त्यांनी!" मला ते झाकण दिसलं, ते पाणी दिसलं. मी देवीपुढे जाऊन बसले.

"काकू!" लता किचनमधून आली. "ओव्हन, फ्रायर आणि मिक्सर एकदम लावला, सगळं बंद पडलं."

मेधाने जाऊन मीटरपाशी बटण वर केलं. मोडेम सुरू झाला, चकली परत आली. नुपूर इतकी हसली की तिला ठसका लागला. मला हसू आलं नाही. आणि ते बरंच झालं, कारण चकलीच्या पाठोपाठ यतिनच्या फोनवर कंपनीची मेल आली. नावाचा मालक जिवंत माणूस किंवा संस्था असायला हवा. मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत खरा मालक ओळखपत्रासकट कळवा, नाहीतर नाव बंद करू.

"हे अमेरिकेने केलं?" मी विचारलं.

"नाही गं. हा नियम आधीपासून आहे. आपण फोन केला म्हणून त्यांनी बघितलं." यतिनने 'आपण' म्हटलं, एवढं पोरगं चांगलं. "तुझं नाव टाकतो, मिटलं."

"देवी बसलेली असताना? बसल्या बाईच्या खालचा पाट ओढायचा?"

"दिवाळी तोंडावर आहे, आई. नाव बंद पडलं तर ऑर्डरी कुठून येणार?"

मला ते कळत नव्हतं असं थोडंच आहे! रविवार, सोमवार मी एका तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजत राहिले. नाव काढून घेतलं तर यमाई कोपेल. नाही काढलं तर विमलफराळ जाईल, आणि लता कोणत्या तोंडाने शिफ्टा परत मागायला जाईल? गाऱ्हाणं कोणाकडे न्यायचं? अमेरिका वरून बाजूला झाली, कंपनीत एक टकटक करणारा माणूस. कोणाचे पाय धरायचे?

सोमवारी मेधा कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, देवीच्या नावावर म्हणजे तुमच्याच नावावर होतं ना?"

"म्हणजे?"

"लताकाकूंचा फोटो साइटवर लावू म्हटलं, तर तुम्ही म्हणालात देवीला चालत नाही. शंकरपाळ्यात त्यांना तूप कमी करायचं होतं, तेही देवीला चालत नाही. देवी एकदा तरी काही बोलली का?"

"तोंड सांभाळ. घरात घट आहे."

"सांभाळूनच बोलतेय," ती म्हणाली आणि माझ्याच साडीची घडी माझ्या मांडीवर ठेवून गेली.

ती घडी मी उलगडली आणि परत घातली.

मंगळवारी दुपारी मी कौल लावला. घटी बसलेला टाक हलवायचा नाही, म्हणून शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून टाकाच्या उजव्या-डाव्या अंगाला अलगद चिकटवल्या. उजवी पडली तर देवी म्हणते नाव काढ. डावी पडली तर राहू दे. लता चौथी माळ ओवत मागे बसली होती. यतिन बँकेतून लवकर येऊन लॅपटॉप घेऊन तयार, मेधा दारात उभी.

पाकळ्या हलेनात. मी हात जोडून बसले. बाहेर खेळणाऱ्या पोरांचा गलका आला नि गेला. पाकळ्या जागच्या जागी.

"आई, साडेचार," यतिन हळूच म्हणाला.

"बोल गं बाई," मी देवीला म्हटलं. आयुष्यात इतकी काकुळतीला मी कोणापुढे आले नव्हते. "काहीतरी बोल."

ती बोलली नाही. तेव्हा मला जी भीती वाटली ती टाकीच्या वेळीही वाटली नव्हती. वरून कोणी होही म्हणत नव्हतं आणि नाहीही म्हणत नव्हतं. खाली आम्ही चार माणसं, आणि घड्याळ.

"संस्थेचं नाव चालतं म्हणालास ना?" मी यतिनला विचारलं.

"चालतं."

"लिही. गिरावीन फराळ मंडळ. खाली नावं, विमल, लता आणि मेधा."

लताच्या हातातली सुई थांबली. "काकू, माझं कशाला? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"मला तरी कुठे कळतं? उद्या काही सडलं तर कोणाच्या दारात जाऊन भांडायचं, ते तरी कळेल. तुझ्या दारात येईन."

"आणि तुमच्याकडून सडलं तर?" मेधाने दारातून विचारलं.

मी मेधाकडे वळले. "तर तुम्ही या माझ्या दारात. आणि देवीचं नाव पुढे केलं तर ऐकू नका."

"फोटो?" मेधा सोडते थोडीच!

"लाव तिचा फोटो. नीट साडी नेसून काढ म्हणावं."

यतिनने आमची तिघींची ओळखपत्रं जोडून मेल पाठवली. मी स्क्रीनकडे बघितलंच नाही, देवीकडेही नाही. पाच वाजायच्या आत उत्तर आलं. मंडळाची नोंद झाली, नाव चालू राहील. लता रडायला लागली. मी तिला म्हटलं, रडतेस काय, करंज्यांचं पीठ भिजवायचंय.

माळ बांधायला मी देवीपुढे वाकले तेव्हा टाकावर पाकळ्या नव्हत्या. दोन्ही घटाच्या मातीत पडल्या होत्या, नुकत्या वर आलेल्या कोंबांमध्ये, एकीला एक चिकटून. त्यातली उजवी कुठली, डावी कुठली, आणि आधी कुठली पडली, ते मला ओळखता येईना.

मी त्या उचलल्या नाहीत. माळ बांधली. बांधताना लताला म्हटलं, दुसरं टोक तू धर.