रंगाचे दोन हात

मी मुलीचं कौतुक जरा जास्तच करतो, असं आमच्या गल्लीचं मत आहे. असू दे. ज्यांच्या मुलींनी वजनकाटा बनवलेला नाही त्यांनी यात बोलू नये.

माझी कहकशां इंजिनियर आहे. नांदेडला आमच्याच जुन्या दुकानात ती डाळमिलसाठी इलेक्ट्रॉनिक काटे बनवते. मी मोहियोद्दीन, माझा जन्म तराजू दुरुस्त करण्यात गेला. आता तिच्या प्रत्येक काट्याच्या सर्किटच्या लोखंडी डब्याला तार ओवून शिशाचं सील मी लावतो. सील शाबूत तर तीन वर्षं वॉरंटी, तुटलं तर संपली. ही अट माझी आणि तिच्यात मी कधी सूट दिलेली नाही.

कारखान्यात मोठी मोटर सुरू झाली किंवा शेजारी कुणी वॉकीटॉकीवर बोललं, की साध्या काट्याचे आकडे नाचायला लागतात. आपला काटा हे सोसतो का, ते तपासायला आम्ही पुण्याच्या लॅबमध्ये गेलो होतो. तिथं बंद खोलीत एका मशीनमधून काट्यावर मुद्दाम तसल्या विजेच्या लहरी सोडतात. आमचा आकडा हलला नाही. मशीन चालू आहे ना, असं मी तिथल्या साहेबांना दोनदा विचारलं, तेव्हा कहकशांनं माझी बाही ओढली.

म्हणून रेणापूरचे आमचे गिऱ्हाईक, डाळमिलवाले सिद्धरामअप्पा यांचा दसऱ्यानंतर फोन आला तो मला जिव्हारी लागला. त्यांच्या मिलमध्ये मोटर लावली की काट्याचे आकडे उड्या मारत होते. काटा उचलून न्या, ते म्हणाले, आणि शेजारच्या मिलवाल्यांना काय सांगायचं ते मी सांगतो. अप्पांकडचा आमचा काटा कसा चालतो ते बघूनच त्या मिलवाल्यांनी घ्यायचं ठरवलं होतं. तो परत आला असता तर त्या पट्ट्यात कहकशांच्या नावाला कुणी दारात उभं केलं नसतं.

लातूरला बस बदलून आम्ही रेणापूरला पोचलो. काटा हिरवागार रंगवलेला होता आणि माझं सील जाग्यावर नव्हतं. माझं डोकंच फिरलं. सील तुटलं, वॉरंटी संपली, चल घरी, असं मी तिथंच म्हणालो. अप्पाही तापले. तुमचं पुण्याच्या लॅबचं सर्टिफिकेट तुमच्या भिंतीला लावा, म्हणाले.

कहकशांनं आम्हा दोघांकडेही लक्ष दिलं नाही. तिनं पन्नास किलोचं पोतं काट्यावर ठेवायला लावलं आणि मोटर सुरू करायला सांगितली. आकडा त्रेपन्न, सेहेचाळीस, एकावन्न करत राहिला. मोटर बंद केली तसा पन्नासवर थांबला. मग तिनं डब्याचं झाकण काढून त्याची आतली कड नखानं खरवडली. हिरवा पापुद्रा निघाला. डबा आणि झाकण, लोखंडाला लोखंड भिडलं तरच बाहेरचा त्रास आत येत नाही. मध्ये रंग बसला होता, म्हणजे दार लोटलेलं पण कडी उघडी. हा रंग कुणी दिला, असं तिनं विचारलं.

पोती भरणाऱ्या कावेरीबाई पुढं आल्या.

"खंडेनवमीला समद्या मशिनी रंगवतो आम्ही. बाकीच्यांना एकच हात मारला. ही आपल्या नांदेडच्या पोरीनं केलेली हाय, म्हून हिला दोन हात दिले. कोपरे कच्चे राहू नयेत म्हून झाकण काढलं. चुकलं का बाई?"

पुढच्या बाजूला पितळी पट्टी होती: कहकशां मोहियोद्दीन, नांदेड. तिच्यावर रंगाचा ठिपका नव्हता. पट्टी चिंचेनं घासून लख्ख केलेली होती. माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही, आणि डोळे भरून आले ते मी लपवलेही नाहीत.

"तुमचं न्हाई चुकलं, मावशी," कहकशां म्हणाली. "कुठं रंग लावायचा न्हाई, ते वॉरंटीच्या कागदावर मीच लिहिलं नव्हतं."

तिनं पॉलिश पेपरनं दोन्ही कडा घासल्या आणि झाकण घट्ट बसवलं. मोटर सुरू झाली. आकडा पन्नास. अप्पांनी दुसरी मोटर लावली, मग मिलमधलं होतं नव्हतं ते सगळं सुरू केलं. आकडा पन्नासच. अप्पांनी तिथूनच शेजारच्या मिलवाल्यांना फोन करून येऊन बघून जा म्हणून सांगितलं. वॉरंटीचं काय, हे मात्र त्यांनी हळूच विचारलं.

कहकशांनं माझ्याकडे पाहिलं, कारण अट माझी होती. मी पिशवीतून तार, शिसं आणि पक्कड काढली. नवं सील ओवलं आणि जोर लावून दाबलं. आजपासून तीन वर्षं, असं मी अप्पांना सांगितलं.

"मग पुढच्या दसऱ्याला हिला रंग द्यायचा न्हाई का चाचा?" कावेरीबाईंनी विचारलं.

"द्या की," मी म्हणालो. "दोन हात द्या. झाकण तेवढं उघडू नका."